लेनमधली पहिली जागा

पोहण्याच्या तलावात एका लेनमध्ये चार-पाच जणांना फेऱ्या मारायच्या असल्या की त्यांना एकमेकांशी बोलायची सोय नसते. तोंड पाण्यात, कानांवर टोपी, डोळ्यांवर गॉगल. म्हणून एक नियम असतो. सगळ्यांत वेगानं पोहणारा पुढे आणि बाकीचे त्याच्यामागे ओळीनं. मागच्याला पुढे जायचं असेल तर त्यानं पुढच्याच्या पायाच्या तळव्याला बोटं लावायची. एकदाच, हलकेच. ज्याला बोटं लागली त्यानं वळून बघायचं नाही, चिडायचं नाही; भिंतीपाशी पोचलं की कोपऱ्यात सरकायचं आणि मागच्याला जाऊ द्यायचं. ‘बाजूला व्हा’ म्हणण्याची याहून सभ्य पद्धत मला माहीत नाही, आणि सारा जन्म शनिवार पेठेत गेल्यामुळे असभ्य पद्धती मला बऱ्याच माहीत आहेत.

मी आता पासष्टी ओलांडली आहे. बँकेतून निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. पोहते मात्र शाळेत असल्यापासून, आणि पोहते ती शर्यतीसाठी. तब्येतीसाठी पोहणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण ते मला कळत नाहीत. मध्ये दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण आणि बँकेची मार्चअखेर यांनी खंड पाडला, तेवढाच. चाळिशीनंतर मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढांच्या स्पर्धा असतात हे कळलं आणि मी पुन्हा पाण्यात उतरले. त्या स्पर्धांमध्ये वयाप्रमाणे गट असतात. माझ्या गटात आता बायका इतक्या कमी उरल्या आहेत की उडी मारून पलीकडच्या भिंतीपर्यंत धडधाकट पोचलं तरी पदक मिळतं. घरी एका डब्यात ती पदकं साठली आहेत. आमचे हे म्हणतात, ‘ही तुझी हजेरीची बक्षिसं.’

त्यामुळे पदकांचं मला फारसं काही राहिलं नव्हतं. मला होतं ते लेनचं. नदीपलीकडच्या आमच्या तलावावर भल्या सकाळी मास्टर्सची बॅच असते आणि तिथल्या चौथ्या लेनमध्ये मी पुढे असायचे. ही पहिली जागा कुणी कुणाला देत नाही, ती पाण्यात आपोआप ठरते. माझ्यामागे एक दातांची डॉक्टर, नुकतीच चाळिशीत आलेली. तिच्यामागे बुधवार पेठेत वायरी आणि स्विच विकणारे एक गृहस्थ. त्यांना सगळे वायरवालेच म्हणतात. आणि सगळ्यांत शेवटी आयटीतली एक मुलगी. ती अर्धवट झोपेत तलावावर येते आणि पाण्यात पडल्यावर जागी होते. दोघी मला काकू म्हणतात. वायरवाले ताई म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तोही टोमणाच वाटतो.

साठीनंतर अंग ऐकेनासं होतं हे मला दिसत होतं. उजवा खांदा सकाळी कुरकुर केल्याशिवाय फिरत नाही. भिंतीला पायानं ढकलल्यावर पूर्वी मी लांबवर सरकत जायचे, आता थोड्याच अंतरात पाणी मला थांबवतं. पोटऱ्यांत पेटके येतात. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघायचंसुद्धा मी सोडून दिलं होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, लांबचं नीट दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि मी ते ऐकूनही घेतलं होतं.

कारण मला एक भक्कम आधार होता. माझ्या तळव्याला कुणाची बोटं लागत नव्हती. मी मंदावले असते तर मागच्यांनी बोटं लावली असती. ज्या अर्थी लावत नाहीत, त्या अर्थी मी आहे तिथेच आहे. हिशोब इतका सरळ होता की त्यात चूक शोधायला कुणी गेलंच नसतं. घरी आल्यावर मी ह्यांना सांगायचे, “अहो, चौथ्या लेनमध्ये अजून मीच पुढे आहे बरं का.”

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणायचे, “मागचे घरी गेलेत का ते बघून येत जा.”

गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी माझी टोपी फाटली. माझी टोपी पिवळीजर्द होती. मुलीनं मुद्दाम तसल्या रंगाची आणली होती, गर्दीत आई सापडावी म्हणून. पाण्यात माणूस ओळखू येतो तो टोपीवरूनच. चेहरा कुणाचा दिसतो? डोक्यावर ताणून बसवताना ती टर्रकन उभी फाटली. टोपीशिवाय तलावात सोडत नाहीत. विसराळू लोकांसाठी काउंटरवर काळ्या टोप्या ठेवलेल्या असतात, त्यातली एक मागून घेतली. या गडबडीत उशीर झाला. माझ्या लेनमधल्या तिघांच्या फेऱ्या केव्हाच सुरू झाल्या होत्या. मी दोघांच्या मधली जागा बघून अलगद पाण्यात शिरले आणि पोहायला लागले.

पहिली फेरी अर्धी झाली नसेल, तळव्याला बोटं लागली.

मला वाटलं, कुणी कॉलेजातला नवा मुलगा आलेला दिसतोय. नियमाप्रमाणे भिंतीपाशी कोपऱ्यात सरकले. शेजारून नारिंगी टोपी गेली. नारिंगी टोपी डॉक्टरची. मी परत निघाले, तर पुन्हा बोटं. या वेळी निळी टोपी गेली, म्हणजे वायरवाले. तिसऱ्या वेळी बोटं एकदा नाही, दोनदा लागली, जरा चिडूनच. ती आयटीतली मुलगी होती. ज्या मुलीचे डोळे मी आजवर कधी पूर्ण उघडलेले पाहिले नव्हते, ती मला मागे टाकून सुसाट निघून गेली.

फेऱ्या संपल्यावर सगळे उथळ बाजूच्या भिंतीपाशी थांबले. डॉक्टर माझ्या काळ्या टोपीकडे बघून अगदी अदबीनं म्हणाली, “आपण नवीन आहात का? नाही, ही लेन जरा फास्ट आहे. पलीकडच्या लेनमध्ये तुम्हाला निवांत...”

मी गॉगल वर केला.

“अगं बाई! काकू!”

आयटीवालीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. “ओ गॉड! सॉरी काकू, रिअली सॉरी! मला वाटलं कुणीतरी रँडम आहे.”

वायरवाल्यांनी कानातलं पाणी काढत म्हटलं, “टोपी बदलताना कळवत चला ताई. एवढे दिवस आम्ही सांभाळून घेतलं, ते सगळं आज पाण्यात गेलं.”

“सांभाळून घेतलं म्हणजे?” मी विचारलं.

डॉक्टर पाण्याकडे बघत राहिली.

“कधीपासून?”

“गणपतीपासून म्हणा,” वायरवाले म्हणाले. तेवढ्यात आमचा सराव घेणाऱ्या सरांची शिट्टी झाली आणि सगळे सुटल्यासारखे पुन्हा पाण्यात गेले.

बाहेर आल्यावर मी वायरवाल्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गाठलं. माणूस तिरकस आहे, पण खोटं बोलत नाही. त्यांनी चहा पिता पिता सगळं सांगितलं. गणपतीनंतर माझा वेग उतरत गेला. तिघंही मागे रेंगाळायला लागले. बोटं लावून काकूंना बाजूला कसं करायचं, असं प्रत्येकाला वाटलं. सरांनी एकदा डॉक्टरला सुचवलं होतं की तू पुढे जा, तर ती म्हणाली, राहू दे सर. “आणि ती बिचारी आता संध्याकाळी दवाखाना बंद करून दुसऱ्या तलावावर जाते,” ते म्हणाले. “तिला राज्य स्पर्धेत उतरायचंय ना. सकाळी तुमच्यामागे तिचा सराव होत नाही.”

मला आधी आला तो राग. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिघांशी भांडत होते. मी काय पीएमटीच्या बसमधली ज्येष्ठ नागरिकांची सीट आहे, रिकामी ठेवायला? मला कुणी सांगितलं होतं का, मला जपा म्हणून? आणि रागाखाली जे होतं ते सांगायचं तर, मला रडू येत होतं. मी मंदावले याचं दुःख होतंच, पण ते जुनं होतं, त्याच्याशी माझी ओळख होती. नवं हे होतं की पाण्यात मला आता पोहणारी म्हणून कुणी धरत नव्हतं. मी काकू झाले होते. लग्नकार्यात काकू असणं ठीक आहे. लेनमध्ये मला ते नको होतं.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

“मला एक सांग,” ते म्हणाले, “मी स्कूटर घेऊन लक्ष्मी रोडवरून जातो तेव्हा काय होतं?”

“काय होतं?”

“सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचे दहा जण हॉर्न वाजवतात. एकानं परवा ‘आजोबा, झोपा घरी’ म्हणूनही सांगितलं. या गावात हॉर्न न वाजवता तीन महिने मागे थांबणारी तीन माणसं तुला मिळाली, आणि तू रडतेस? मला अशी तीन मिळाली तर मी त्यांना जेवायला बोलावीन.”

मला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी मी पोहायला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खांदा दुखतोय असं सांगितलं. तो तर रोजच दुखतो.

त्या रिकाम्या सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसले असताना मला माझी पहिली बोटं आठवली. मी शाळेत होते. आमच्या मुलींच्या बॅचमध्ये एक मोठी मुलगी होती, सगळ्या शर्यती जिंकणारी. आम्ही तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहायचो. एकदा सरावात ती पुढे आणि मी मागे होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्या पायांवर आदळते आहे. मी वेग कमी केला. काठावरून आमचे मास्तर ओरडले, “मागे काय तरंगतेस? बोटं लाव!” मला धीर होईना. पुढच्या फेरीला ते पुन्हा ओरडले, तेव्हा मी डोळे मिटून तिच्या तळव्याला हात लावला. भिंतीपाशी ती कोपऱ्यात सरकली आणि जाता जाता तिनं माझ्या पाठीला तळहातानं जोर दिला. जा, असा. कपडे बदलायच्या खोलीत मी माफी मागायला गेले, तर केस पुसत ती म्हणाली, “बरं केलंस लावलीस ते. नाही तर मला कळलंच नसतं.”

त्या दिवशी मला तिचं वाक्य मोठेपणाचं वाटलं होतं. आता कळलं की ते साधं खरं होतं. पुढे असणाऱ्याला मागचं काहीच दिसत नाही. त्याला मागच्याकडून कळावं लागतं, आणि ते कळवणारी माणसं असणं ही चैन आहे. माझ्या लेनमधल्या माणसांनी मला ते कळू दिलं नव्हतं, पण का दिलं नव्हतं? ह्यांचं बरोबर होतं. कामावर जाण्याआधीचा सकाळचा तेवढा एक तास प्रत्येकाजवळ होता, आणि तो त्यांनी महिनोन् महिने माझ्या पायांमागे घालवला होता. तक्रार न करता. इतकं कुणी आपल्यासाठी करतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो. मला त्यांची माया मनापासून कळली. पण मला ती तशी नको होती, हेही तितकंच खरं होतं.

चौथ्या दिवशी मी नवी पिवळी टोपी घेऊन गेले. काळी टोपी घालणं सोपं होतं. त्या टोपीला लोकांनी न लाजता बोटं लावली असती. पण मला ती बोटं माझ्या पायाला लागायला हवी होती, हा पाय कुणाचा आहे हे माहीत असताना.

पाण्यात उतरायच्या आधीच मी तिघांना सांगितलं, “आजपासून नियमाप्रमाणे बोटं लावायची. माझ्या वयाचा मुलाहिजा नको.” तिघांनीही माना डोलावल्या. मग मी शेवटी जाऊन उभी राहिले, तर कुणी निघेना.

“काकू, तुम्ही व्हा पुढे.”

“नाही, तू हो.”

“असं कसं, ताई, तुम्ही सीनियर.”

चौघेही भिंतीला टेकून एकमेकांना आग्रह करत राहिलो. बाकीच्या लेन धडाधडा निघून गेल्या. शेवटी सर काठावर येऊन म्हणाले, “पंगत बसलीये का इथे? निघा!” सवयीनं मीच निघाले, आणि सवयीनंच ते तिघे माझ्यामागे आले. अख्खा तास माझ्या तळव्याला पाण्याशिवाय कुणी शिवलं नाही.

म्हणून चहाच्या दुकानात मी डॉक्टरला एकटीला बाजूला घेतलं. म्हटलं, “तू संध्याकाळी कुठे पोहायला जातेस ते मला कळलंय. ते बंद कर. सकाळी माझ्यापुढे जा.”

तिनं कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आलेले पाहून मी जरा घाबरलेच. दुसऱ्यांचे दात उपटणारी बाई रडेल असं मला वाटलं नव्हतं.

“काकू, मी इथे आले तेव्हा मला पाण्यात डोकं घालायची भीती वाटायची,” ती म्हणाली. “सरांनी मला तुमच्यामागे लावलं. मी दुसरं काही बघत नव्हते. तुमचे पाय कसे हलतात तेवढं बघायचे आणि तसेच हलवायचे. तुमच्या पायांकडे बघून बघून मी पोहायला शिकले. त्याच पायांना हात लावून, व्हा बाजूला, असं मी कसं म्हणू? मला नाही जमणार.”

कुणी आपल्याकडे बघून काही शिकतंय हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. माझी पाठ तिच्याकडे होती.

मग मी म्हटलं, “माझे पाय बघून शिकलीस ना? मग एवढं एकच शिकायचं राहिलंय. ते उद्या शीक. तू बोटं लावली नाहीस तर मी कशाला येऊ इथे? नुसतं भिजायचं तर मी घरीही भिजते.”

“तुम्ही यायचं बंद कराल?” तिनं विचारलं.

“करीन,” मी म्हटलं. आणि ती धमकी नव्हती. सांभाळून घेतलेली काकू म्हणून त्या पाण्यात उतरणं मला खरंच जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पुढे, ती मागे. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. मी सगळं लक्ष माझ्या तळव्यांत ठेवून पोहत होते. श्वास घ्यायचंही भान नव्हतं. तिसऱ्या फेरीला काहीतरी लागल्यासारखं झालं, पण इतकं हलकं की तो बुडबुडाही असेल. ती तिनं मागून चोरून लावलेली बोटं होती हे मला कळलं, आणि मी मुद्दामच कळलं नाही असं दाखवलं. जायचंय ना? मग नीट सांग.

थोडं अंतर गेलं. आणि मग डाव्या तळव्यावर चांगली चापट बसली. व्हा बाजूला, अशी. काकूबिकू काही नाही.

मला पाण्यातच हसू फुटलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकत खोकत भिंतीपर्यंत पोचले आणि कोपऱ्यात सरकले. नारिंगी टोपी शेजारून वळली, भिंतीला पाय लावून सुटली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट पोहताना पाहिलं. ती इतकी सुरेख पोहते हे मला माहीतच नव्हतं. कसं असणार? ती कायम माझ्यामागे होती. हात पाण्यात शिरताना आवाज नाही, पायांची लय अजिबात मोडत नाही. ते पाय मला ओळखीचे वाटले. मला इतका अभिमान वाटला की मी कोपऱ्यातच थांबून राहिले.

मग वायरवाले आले. त्यांनी बोटं लावण्याची वाटही बघितली नाही. मी कोपऱ्यात उभी आहे हे पाहून “आभारी आहे” असं तोंडातलं पाणी थुंकत म्हणाले आणि निघून गेले. आयटीवाली मात्र माझ्याशेजारी येऊन उभीच राहिली. गॉगल वर करून म्हणाली, “काकू, आर यू शुअर?”

“पोह गं!” मी ओरडले, आणि तिच्या पाठीला जोर दिला.

ती गेली. तिच्यामागे मी निघाले, सगळ्यांत शेवटी. कितीतरी वर्षांनी माझ्यापुढे पोहणारी माणसं होती. त्यांनी ढवळलेलं पाणी मला हलकं लागत होतं, खांद्याची कुरकुर कमी झाली होती, आणि गॉगलमधून मला त्या मुलीचे पाय दिसत होते. मी हात जरा लांब टाकला. ते फार दूर नव्हते.